अमेरिकेतील विस्मृत मोटरसायकल निर्माते: खरा कारखानदार ओळखायचा कसा?

प्रश्न: करवीरकर (कोल्हापूर)

जाणकारांस नमस्कार. 1900 ते 1920 या काळात अमेरिकेत मोटरसायकली बनवणाऱ्या लहान कंपन्यांवर मराठीत सविस्तर लेख लिहावा, असा मानस आहे. इंडियन आणि हार्ले-डेव्हिडसन यांच्याविषयी हवी तेवढी माहिती मिळते. परंतु थॉर, एम्ब्लेम, येल, रीडिंग स्टँडर्ड, सायक्लोन या नावांकडे वळले की सगळीकडे तोच एक परिच्छेद उतरवलेला आढळतो आणि स्थापनेची वर्षेही एकमेकांशी जुळत नाहीत. याद्यांमध्ये तर शेकडो नावे असतात. त्यांपैकी स्वतः इंजिन घडवणारे कोण आणि दुसऱ्याच्या मालावर आपले नाव रंगवून विकणारे कोण, हे कसे ठरवावे? मूळ साधने कोल्हापुरात बसून पाहता येतील का, याविषयीही मार्गदर्शन करावे.

उत्तर: जुनी दप्तरे

करवीरकर साहेब, टाकीवरचे नाव हा या विषयातला सर्वांत कच्चा पुरावा आहे, असे धरूनच आपण सुरुवात करावी. इलिनॉय राज्यातील अरोरा ऑटोमॅटिक मशिनरी कंपनी आरंभीच्या काळात इंडियनसाठी कराराने इंजिने बनवत असे आणि त्याच घडणीची इंजिने व सुटे भाग थॉर या नावाने इतरांनाही विकत असे. त्यामुळे रीडिंग स्टँडर्डसारख्यांच्या सुरुवातीच्या गाड्या इंडियनशी विलक्षण मिळत्याजुळत्या दिसतात. पुढे इंडियानापोलिसच्या स्पाके कंपनीनेही असाच पुरवठा केला. टपालाने माल विकणाऱ्या सिअर्सच्या गाडीत आणि शिवणयंत्रे बनवणाऱ्या डेव्हिस कंपनीच्या डेटन गाडीत स्पाकेचीच इंजिने होती. म्हणून टिपणे ब्रँडवार न ठेवता इंजिन पुरवणाऱ्यांप्रमाणे ठेवावीत, म्हणजे निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

साधनांविषयी सांगायचे तर, घरबसल्या पुष्कळ काही पाहता येते. 'मोटरसायकल इलस्ट्रेटेड' आणि 'बायसिकलिंग वर्ल्ड अँड मोटरसायकल रिव्ह्यू' या व्यापारी नियतकालिकांचे बरेच अंक स्कॅन झालेले आहेत, तर लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रे विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. मात्र या नियतकालिकांतील 'अमुक भांडवलाची नवी कंपनी नोंदवली' अशा बातमीला उत्पादनाचा पुरावा समजू नये; नोंदणी होऊन एकही गाडी बाहेर न पडणे त्या काळी मुळीच दुर्मीळ नव्हते. स्थापनेच्या वर्षांतील तफावत बहुतेक वेळा इथूनच येते, कारण कुणी नोंदणीचे वर्ष घेतो, कुणी पहिल्या जाहिरातीचे, तर कुणी पहिल्या विक्रीचे.

माझ्या मते सर्वांत मोलाचे साधन म्हणजे सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे. आगीच्या विम्यासाठी काढलेल्या या नकाशांत प्रत्येक इमारतीचा वापर लिहिलेला असतो: ओतशाळा कोठे, मशीन शॉप कोठे, रंगकाम कोठे. ज्या पत्त्यावर त्या वर्षी केवळ गोदाम आणि रंगकामाची खोली दिसते, तिथे इंजिन ओतले जात होते हा दावा टिकत नाही. अर्थात कास्टिंग (ओतीव भाग) बाहेरून आणून मशीनिंग (कातकाम) स्वतः करणाऱ्यांना यावरून लगेच बाद करू नये.

गावाचे नावही नीट पाहावे. मर्केल या मोटरसायकल कंपनीचा आरंभ मिलवॉकीत झाला, मग ती पेनसिल्व्हेनियातील पॉट्सटाउनला आणि 1911 मध्ये ओहायोतील मिडलटाउनला गेली. म्हणून जाहिरातीतील गावावरूनच साधारण काळ ठरवता येतो.

उत्तर: पॅटर्नमेकर

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारखान्यांत एकाने पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करायचा, दुसऱ्याने कास्टिंग ओतायचे, तिसऱ्याने लेथवर फिरवायचे आणि चौथ्याने आपली पाटी लावून विकायचे, ही रीत ज्याने पाहिली आहे त्याला त्या काळची अमेरिका समजायला वेळ लागणार नाही.

छायाचित्रांत इंजिनच्या ठेवणीकडे लक्ष द्यावे. सुरुवातीच्या इंडियन आणि थॉरमध्ये सीटखालच्या नळीच्या जागीच मागे कललेला सिलिंडर असे. क्रँककेसचा (इंजिनच्या खालच्या कवचाचा) आकार, बोल्टांच्या जागा आणि मॅग्नेटोची (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या यंत्राची) बैठक दोन ब्रँडांत तंतोतंत जुळली, तर ओतणारा एकच असण्याची शक्यता दाट आहे.

एखाद्या भागावर पेटंट क्रमांक कोरलेला असेल, तर काम आणखी सोपे होते. अमेरिकेचे 10,00,000 क्रमांकाचे पेटंट 8 ऑगस्ट 1911 रोजी दिले गेले, त्यामुळे त्याहून मोठा क्रमांक असलेला भाग त्या दिवसाच्या आधीचा असूच शकत नाही.

करवीरकर

आपणा दोघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. एक शंका उरते: हे बहुसंख्य निर्माते इतक्या लवकर का संपले? फोर्ड मोटारीचे कारण सर्वत्र दिले जाते, ते पुरेसे आहे का?

उत्तर: जुनी दप्तरे

ते कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. 1908 मध्ये सुमारे साडेआठशे डॉलरला मिळणारी फोर्डची मॉडेल टी मोटार 1916 पर्यंत चारशेच्या खाली आली, आणि दोन सिलिंडरची चांगली मोटरसायकल तेव्हा अडीचशे-तीनशे डॉलरला पडत असे. चार माणसांचे कुटुंब काय घेईल, हे उघड आहे. परंतु याच बाजारात शिकागोच्या श्विन या सायकल कंपनीने एक्सेलसियर ही मोटरसायकल कंपनी विकत घेतली, 1917 मध्ये हेंडरसन ही दुसरी मोटरसायकल कंपनीही घेतली आणि 1931 पर्यंत दोन्ही चालवल्या. म्हणून प्रत्येक कंपनीबाबत भांडवल कोणाचे होते आणि मूळ धंदा सायकलींचा होता की अन्य कशाचा, हे स्वतंत्रपणे तपासावे. आणखी एक सूचना: कव्हेंट्रीची ब्रिटिश एक्सेलसियर ही निराळी कंपनी असल्याने तिच्या नोंदी शिकागोच्या एक्सेलसियरच्या टिपणांत मिसळू देऊ नयेत.