डबल कॅब पिकअपमध्ये मागच्या सीटमागे सबवूफर : वूफर कोणता, पेटी कशी?

तासगावकर_पिकअप

नमस्कार मंडळी. गाडी डबल कॅबची पिकअप आहे, डिझेल, १२ व्होल्ट. मागे हौदा, त्यामुळे डिकी हा प्रकारच नाही. जे बसवायचं ते केबिनमध्येच. मागच्या सीटवर माणसं बसतात, तेव्हा सीट काढता येणार नाही.

टेपनं घेतलेलं माप असं: सीटची पाठ आणि मागचा पत्रा यांच्यामध्ये खाली १९ सेंमी, वर ११ सेंमी, उंची ४४, रुंदी ११५. सीटखाली उंची १७ आहे, पण ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला जॅक आणि पान्हे असतात.

स्टिरिओ बाहेरून बसवलेला, सबचं आरसीए आउटपुट (अँपला सिग्नल नेणारी वायर जोडायची जागा) आहे. दारात साडेसहा इंची स्पीकर. सब, अँप, पेटी, वायर सगळं धरून बजेट अठरा हजार.

सांगलीत दोन दुकानांत विचारलं. एक म्हणतो बारा इंची घ्या, तयार पेटी आहे, सीट थोडी पुढे सरकवू. दुसरा म्हणतो सीटखालचा अ‍ॅक्टिव्ह सब (अँप आतच असलेला) घ्या आणि विषय संपवा. ऐकणं ढोल-ताशा, हलगी, लावणी आणि थोडी जुनी गाणी. ठोका छातीत बसला पाहिजे, पत्रे वाजायला नकोत. काय करावं?

सुतारपेटी_मिरज

सीट सरकवायचा सल्ला आधी डोक्यातून काढा. सीटचे ब्रॅकेट आणि बेल्टचे बोल्ट कंपनीनं दिलेत तिथेच राहू द्यात. त्या बोल्टांना पेटी बांधायची नाही की अर्थिंगही जोडायचं नाही.

तुमच्या जागेत आधी वूफर आणि मग पेटी हा क्रम चालत नाही. पेटीचं माप काढा, त्यात बसेल तोच वूफर शोधा. दुकानदार उलटं सांगणारच, त्याच्याकडे माल पडून असतो.

वूफरचं तोंड आणि सीटचा फोम यांच्यात ३ सेंमी मोकळे लागतात. कोन पुढे येतो, शिवाय माणूस टेकला की फोम मागे दबतो. म्हणजे पेटीची बाहेरची खोली खाली १६, वर ८. उंची ४२ आणि रुंदी ८० घ्या. उरलेल्या ३५ सेंमीत अँप उभा राहील.

समोरची फळी, बाजू, वर आणि खाली १८ मिमी प्लाय. पाठ १२ मिमी चालेल, पण मध्ये एक आडवी पट्टी देऊन ती समोरच्या फळीला बांधा, नाहीतर पाठच दुसरा स्पीकर होऊन बसते. आतली रुंदी ७६.४, उंची ३८.४, सरासरी खोली ९. गुणाकार साधारण २६,४०० घन सेंमी, म्हणजे २६.४ लिटर. वूफरचा मागचा भाग दीड लिटर आणि पट्टी एक लिटर खाते. हाती राहिले २४. दुकानात घनफूट बोलतात. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, तेव्हा तुमचे ०.८५ घनफूट.

आता खोली. नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. वूफरच्या कागदावर ‘माउंटिंग डेप्थ’ लिहिलेली असते. ती रिंगच्या खालच्या कडेपासून मॅग्नेटच्या टोकापर्यंत असते, म्हणजे समोरच्या फळीची जाडी त्यातच आली. लागणारी बाहेरची खोली = माउंटिंग डेप्थ + मॅग्नेटमागे २ सेंमी + पाठीची जाडी. ते २ सेंमी सोडायचे नाहीत. बऱ्याच मॅग्नेटला मागे भोक असतं, तिथून कॉइलची गरम हवा बाहेर पडते. भोक फळीला टेकलं तर फुसफुस आवाज येतो आणि कॉइल तापते.

दहा इंचीचं केंद्र तळापासून १५ सेंमीवर येईल. तिथे तुमच्या उतरत्या पेटीची खोली १३ सेंमी. त्यातून ३.२ (मागचे २ आणि पाठीचे १.२) वजा करा, उरले ९.८. म्हणजे साडेनऊ सेंमीपर्यंतचा ‘शॅलो’ वूफरच घ्यायचा. साधा दहा इंची बसणार नाही, कारण त्याची खोली सहसा १३ च्या पुढे असते. बारा इंचीची तयार पेटी तर मापातच येत नाही.

दुकानात जाताना पुठ्ठ्याची पेटी करून गाडीत घालून बघा. सीट लॉक होते का, बेल्टचं बक्कल अडतं का, हे पुठ्ठ्यावर कळलेलं स्वस्त पडतं.

वायरमन_कराड

वरच्या सगळ्याला अनुमोदन. पेटीनंतर पैसे वायरिंगवर घाला. पिकअपची एक गोष्ट कारवाल्यांना ठाऊक नसते: केबिन चासीवर रबरी पॅडांवर बसलेली असते. केबिनच्या पत्र्याला अर्थ दिला की करंट एखाद्या जुन्या, गंजलेल्या अर्थ पट्टीतून बॅटरीकडे जातो. मग ठोक्यासरशी लाइट मंद होतात, स्पीकरमध्ये इंजिनची शिट्टी येते आणि दोष अँपवर ढकलला जातो. निगेटिव्हही बॅटरीपासून स्वतंत्र ओढा, पॉझिटिव्हच्याच जाडीचा.

हिशोब असा. ३०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणारी ताकद) क्लास-डी मोनो अँप, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ३७५ वॉट खेचतो, १३.८ व्होल्टला २७ अँपिअर. १० चौरस मिमीची तांब्याची फ्लेक्झिबल केबल ५ मीटरला एका बाजूनं ०.२३ व्होल्ट सोडते. चालेल. १६ ची मिळाली तर उत्तम. केबल किटमध्ये ‘सीसीए’ लिहिलं असेल तर ते अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतं. तेवढ्याच जाडीत ते तांब्याच्या दोन तृतीयांशाहून कमी वाहून नेतं आणि घाटातल्या पावसात टोकाला पांढरं पडतं.

फ्यूज ४० अँपिअर, बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. तो अँपला वाचवायला नसतो, वायर पत्र्यावर घासून शॉर्ट झाली तर गाडी वाचवायला असतो. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) नेताना रबरी ग्रोमेट आणि वरून नळी घालाच. आरसीए विरुद्ध बाजूनं न्या.

अँप थेट फ्लोअरवर ठेवू नका. पिकअपची केबिन लोक पाइप लावून धुतात. प्लायचे तुकडे घालून ३ सेंमी उचला.

वॉटचं विचाराल तर डब्यावरचे ‘१२०० वॉट’ सोडून द्या. आरएमएस बघा, शक्यतो सीटीए-२००६ (वॉट मोजायची प्रमाण पद्धत) प्रमाणे दिलेला.

तासगावकर_पिकअप

आभार दोघांचे. पुठ्ठा करतोच. दुकानदाराचं म्हणणं की बंद पेटीत दम नसतो, पोर्ट (पेटीतून हवा बाहेर सोडणारी नळी) पाहिजेच. आणि दहाऐवजी आठचे दोन बसवले तर? सीटखालच्या अ‍ॅक्टिव्हबद्दल कोणी बोललंच नाही.

हर्ट्झ_सातारा

दमाचं आकड्यात बघू. २४ लिटरमध्ये ४० हर्ट्झचा पोर्ट करायचा, तोंड ८० चौरस सेंमीचं (याहून लहान केलं की हवा भस्सकन वाजते), तर पोर्टची लांबी ८५ ते ९० सेंमी येते. नुसता पोर्टच ७ लिटर, वर त्याच्या भिंतीचं लाकूड. वूफरला उरले १६. शिवाय ४० च्या खाली कोनला आवर घालायला पेटीत हवेचा दाब राहत नाही. अँपला सबसॉनिक फिल्टर (फार खालचे आवाज कापणारा) नसला तर डीजे मिक्सवर कॉइल मागे आपटते. डिकी असलेल्या गाडीत पोर्ट जरूर करा. इथे नाही.

बंद पेटी तिच्या रेझोनन्सच्या (वूफर पेटीत आपसूक ज्या हर्ट्झला डोलतो त्याच्या) खाली सप्तकाला १२ डेसिबलनं उतरते. पण केबिन लहान, आणि लहान केबिन खालचा आवाज उचलून धरते. आतली लांबी २ मीटर धरा: ३४४ भागिले ४, म्हणजे ८६ हर्ट्झ. त्याच्या खाली केबिनच चढ देत जाते. पुस्तकात हा चढही १२ डेसिबलचाच. प्रत्यक्षात पातळ पत्रा आणि दारांच्या फटी त्यातला बराच खातात, तरी पेटीच्या उतारातला मोठा भाग भरून निघतो. तुमची अडचणीची केबिन इथे तुमच्याच बाजूची आहे.

वूफर निवडताना कागदावरचे तीन आकडे मागा: एफएस (मोकळ्या वूफरचा रेझोनन्स), क्यूटीएस (त्याचं डोलणं किती आवरलेलं आहे तो आकडा), व्हीएएस (कोनच्या लवचिकपणाइतकी हवा, लिटरमध्ये). व्हीएएसला पेटीच्या लिटरनं भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्यानं क्यूटीएसला गुणलं की क्यूटीसी (पेटीत बसल्यावरचा तोच आकडा), एफएसला गुणलं की पेटीचा रेझोनन्स. समजा क्यूटीएस ०.५, व्हीएएस २४ लिटर, एफएस ३४. तुमच्या २४ लिटरमध्ये वर्गमूळ १.४१, क्यूटीसी ०.७०७, रेझोनन्स ४८ हर्ट्झ. फार छान. त्याच जागेत क्यूटीएस ०.७ चा वूफर घातला तर क्यूटीसी १ च्या आसपास जातो आणि ढोलाचा ठोका ‘धड्’ न होता ‘धूम्म’ होतो. ०.७ ते ०.८५ मध्ये राहा. कागद दाखवायला जो दुकानदार नाही म्हणेल त्याच्याकडून वूफर घेऊ नका.

आठचे दोन: कोनचं क्षेत्रफळ साधारण ४३० चौरस सेंमी, दहा इंचीचं ३४०. म्हणजे हवा जास्त हलते, पण कोनचा प्रवास तेवढाच असेल तरच. शॅलो आठ इंचीचा प्रवास बहुधा कमी असतो, मग फायदा कागदावरच राहतो. पैसेही दोनदा. तुमच्या बजेटला एक दहा इंची.

अ‍ॅक्टिव्ह वाईट नाही. बहुतेकांची उंची ७ ते ९ सेंमी, तुमच्या सीटखाली सुखानं जाईल, अँप आतच. जुन्या गाण्यांना पुरे. पण ढोलाचा खालचा ठोका मोठ्या आवाजात मागितला की आतला लिमिटर हात आखडतो. शिवाय सीटखाली पायांची माती आणि पाणी थेट त्यावर. छातीत ठोका हवा म्हणताय, तर तो घेऊन पुन्हा खर्च कराल.

हलगीचं मात्र सबवर सोडू नका. तिचा कडकडाट दारातल्या स्पीकरमधून येतो. स्टिरिओवर दारांना ८० हर्ट्झचा हाय-पास लावा (त्याखालचं कापतो), सबला ८० चा लो-पास (त्यावरचं कापतो). दारांवरचं ओझं उतरलं की हलगी आपोआप स्वच्छ होते. दाराच्या आतल्या पत्र्याची भोकं ब्युटाइल शीटनं (चिकट रबरी शीट, पत्र्याचा कंप मारते) बुजवा. मागचा पत्राही २ मिमी ब्युटाइलनं, रोलर फिरवून. स्वस्त डांबरी शीट घेऊ नका, मे महिन्यात ती ओघळते.

दहाटायरी_कराड

मध्येच विचारतो. आमचा ट्रक २४ व्होल्ट, दोन बॅटऱ्या. एका बॅटरीवरून १२ काढून अँप लावला तर?

वायरमन_कराड

नका करू दादा. एकच बॅटरी रिकामी होत राहते. चार्जिंग दोघींना मिळून होतं, त्यामुळे भरलेली जास्त भरून उकळते आणि दुसरी कधी भरतच नाही. वर्षाच्या आत जोडी जाते. २४ चं १२ करणारा डीसी-डीसी रिड्यूसर लावा. ३०० वॉटच्या अँपला सतत ३० अँपिअर देणारा, डब्यावरचा ‘पीक’ आकडा नाही. रिड्यूसरच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे फ्यूज.

सुतारपेटी_मिरज

तासगावकर, लाकडाचं राहिलं होतं. एमडीएफ नको, एकदा पाणी लागलं की कडा फुगतात. आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या. अख्खा ८ बाय ४ चा ताव लागत नाही. १८ मिमीचा ४ बाय ३ फुटांचा तुकडा आणि पाठीला १२ मिमीचा ८० बाय ४२ सेंमी. वरच्या आणि खालच्या फळीची पुढची कड ११ अंशांत कापून घ्या. सुतार ती सरळ कापून फट पुटीनं भरायला बघेल. भरू देऊ नका, खड्ड्यांच्या रस्त्यावर पुटी गळून पडते.

जोडाला वॉटरप्रूफ फेविकॉल, ३८ मिमीचे स्क्रू दर १० सेंमीवर, आधी ३ मिमीचं भोक पाडून. आतले कोपरे सिलिकॉननं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर वूफर लगेच बसवू नका, ती वाफ तांब्याला आणि गोंदाला खाते. एक दिवस उघडी ठेवा. वूफरला लाकडी स्क्रू नको, टी-नट (फळीत मागून ठोकायचं दातेरी नट) आणि एम-५ बोल्ट. आत उशीतलं रेक्रॉन २०० ते २५० ग्रॅम मोकळं करून, मॅग्नेटच्या भोकापुढे जाळी लावून.

गळती बघायला ३० हर्ट्झचा टोन हलक्या आवाजात लावा आणि उदबत्ती सगळ्या जोडांवरून फिरवा. धूर थरथरला तिथे फट. बहुतेक वेळा ती टर्मिनलच्या प्लॅस्टिक कपात सापडते. पेटी फ्लोअरला बोल्ट करताना खालून डोकावून बघा, ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप तिथूनच जातात.

तासगावकर_पिकअप

दहा इंची शॅलो, ड्युअल ४ ओहम (चार-चार ओहमच्या दोन कॉइल), ३०० आरएमएस, माउंटिंग डेप्थ ८.५. कागद मिळाला, क्यूटीसी ०.७४ येतोय. अँप २ ओहमला ३०० देतो. जमेल ना? आणि गेन कुठे ठेवायचा?

हर्ट्झ_सातारा

जमेल. दोन्ही कॉइल पॅरलल जोडा, २ ओहम होतात. प्लस-मायनस उलटं झालं तर कॉइल एकमेकींना खातात आणि आवाज जवळजवळ येतच नाही, तेवढं सांभाळा.

गेन म्हणजे आवाजाची चकती नव्हे, स्टिरिओचा सिग्नल अँपशी जुळवायची चकती; कानानं लावू नका. वूफर सोडवा, स्टिरिओचा सगळा इक्वलायझर आणि अँपचा बास बूस्ट शून्यावर. ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा टोन लावा, व्हॉल्यूम तीन चतुर्थांश, मल्टिमीटर एसी व्होल्टवर अँपच्या आउटपुटला. ३०० गुणिले २ म्हणजे ६००, त्याचं वर्गमूळ २४.५. मीटर २४.५ दाखवेपर्यंत गेन चढवा आणि थांबा. मग वूफर जोडून फेजचं बटण दोन्हीकडे करून बघा. ड्रायव्हरच्या सीटवर ठोका जिथे भरीव लागतो ते ठेवा. बास बूस्टला परत हात लावायचा नाही, पोरांनाही सांगून ठेवा.