मदत हवी आहे: सोसायटीच्या भाजीबागेशेजारी कमळकुंड, आराखडा तपासून द्याल का?

नमस्कार. पुण्यात आमच्या सोसायटीच्या मागे सामाईक भाजीबाग आहे: सहा वाफे आणि टोकाला कंपोस्टचा हौद. शेजारी छोटी जलबाग करायची आहे. खड्डा ३ मी × २ मी, खोली ६० सेंमी, आतून सिमेंटचा गिलावा. जागा वाफ्यांच्या खालच्या अंगाला, म्हणजे पावसाचं पाणी आपोआप येईल. ऊन सकाळी ८ ते दुपारी २. वर फूटभर काळी माती, खाली मुरूम. कमळ, कुमुदिनी आणि पाणकणीस लावायचा विचार आहे. जवळच मुलं खेळतात. डास होतील म्हणून काही सभासदांचा विरोध आहे. बैठकीआधी आराखड्यातल्या चुका सांगा.

मुरूम_माती:
जागा आधी बदला. खालच्या अंगाला कुंड केलंत तर पहिल्याच जोरदार पावसात जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रवखत), शेणखताचं पाणी आणि कंपोस्टचा रस त्यात उतरेल. त्या खतावर शेवाळ माजतं, रात्री तेच पाण्यातला प्राणवायू ओढतं आणि पहाटे डासांसाठी सोडलेले मासे तोंड वर काढून तडफडतात. कुंड वरच्या अंगाला घ्या आणि काठ जमिनीपासून १५ सेंमी उंच ठेवा. काठाखाली ५ सेंमीवर दोन इंची पाइप काढून सांडवा अळूच्या चरात सोडा. मग माशांचं पाणी भाजीला मिळेल, भाजीचं खत कुंडात जाणार नाही.

गिलावाही नको. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यात सिमेंटला चिरा पडतात. शिवाय नव्या सिमेंटमधून चुना उतरतो तो वेगळाच. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद घ्या. माप: लांबी + दुप्पट खोली + दोन्ही बाजूंना ३० सेंमी. तुमच्यासाठी ४.८ × ३.८ मी, ५ × ४ चा तुकडा आणा. खड्ड्यातले अणकुचीदार दगड वेचा, ५ सेंमी बारीक वाळू पसरा, त्यावर कागद सैल टाका. काठ आधी कापू नका. कुंड पूर्ण भरल्यावर कागद बसतो, तेव्हाच कापा.

कुमुद_कांदा:
पाणकणीस यादीतून काढा. त्याचे टोकदार कंद कागद फोडतात. त्याऐवजी कडेने २० सेंमी खोलीवर पायरी काढून वेखंड आणि ब्राह्मी लावा. कमळ मोकळं सोडलं तर एका हंगामात सगळं कुंड व्यापतं, म्हणून ते ५०–६० सेंमी रुंदीच्या, भोक नसलेल्या टबात लावा. टबात नुसती भारी गाळाची माती, वर दोन बोटं जाड वाळू. शेणखत आणि कोकोपीट अजिबात नको: एक पाणी नासवतं, दुसरं तरंगतं. कुमुदिनीची कुंडी सुरुवातीला विटांवर ठेवा, पानं वाढतील तशी खाली उतरवा. निम्मा पृष्ठभाग पानांनी झाकला की शेवाळ आवरतं. जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

डासांबद्दल सभासदांना नीट सांगा. २०–२५ गप्पी मासे अळ्या फस्त करतात. रोज खाणं घालू नका, पोट भरलं की अळ्यांकडे वळत नाहीत. गप्पी परदेशी आहेत, तेव्हा सांडव्याला बारीक जाळी हवीच, नाहीतर नाल्यातून नदीत जातील. डेंग्यूचा डास मात्र कुंड्यांखालच्या ताटल्या आणि उघड्या ड्रममध्ये जास्त वाढतो. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून बागेतली ही भांडी दर आठवड्याला घासून कोरडी करा. विरोध करणाऱ्यांची काळजी रास्त आहे, तिचं उत्तर कामातून द्या.

धागाकर्ता:
मनापासून आभार. जागा बदलतो. पंप लागेल का? आणि मुलांसाठी काय करावं?

मुरूम_माती:
झाडं भरपूर आणि मासे मोजके असतील तर पंप नको. लावलाच तर ताशी हजारेक लिटरचा बास. धार कुमुदिनीवर पडू देऊ नका, हलतं पाणी तिला मानवत नाही. जोडणीला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच.

मुलांसाठी लोखंडी कोनाच्या चौकटीवर १० सेंमी चौकोनांची जाळी, मुलाचं वजन पेलेल अशी आणि कायम पाण्याच्या वर राहील अशी. पानं तिच्यातून वर येतात. चौकटीचे पाय कागदावर टेकवू नका, काठाबाहेर रोवा. लहान मुलं असतील तर तीन फुटी कुंपणही करा, एकट्या जाळीवर विसंबू नका.

मे महिन्यात रोज ४०–५० लिटर पाणी उडून जाईल. नळाचं पाणी भरायचं तर क्लोरीन जाण्यासाठी एक-दोन दिवस उघड्या टाकीत ठेवा, वर मच्छरदाणीचं कापड बांधून.