रेसच्या आदल्या रात्री कुठे झोपलात? खान्देशातले अनुभव सांगा

धुळेकर
आधी माझीच फजिती सांगतो. डिसेंबरात तोरणमाळला एमटीबीची, म्हणजे डोंगरी सायकलींची रेस, आम्ही चौघांनी एंट्री भरली, टायर ट्यूबलेस केले, पंक्चर आपोआप बुजवणारं सीलंट भरलं, दोन महिने लळिंगच्या कुरणात घाम गाळला, फक्त राहायचं बघितलं नाही. शहाद्यात लॉज काय कुठेही मिळेल म्हणत शुक्रवारी संध्याकाळी पोचलो तर एक खोली शिल्लक नाही. दत्तजयंती! जवळच सारंगखेड्याची यात्रा, घोडेबाजार, पार बाहेरच्या राज्यातले व्यापारी आलेले, आणि आम्ही इथलेच असून एकाच्याही डोक्यात आलं नाही. शेवटी परत तापी ओलांडून दोंडाईच्याला मित्राच्या मावशींकडे, रात्री साडेबारा वाजता. मावशी उठून पिठलं टाकायला लागल्या, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहाटे तीनला पुन्हा तोच पूल, तेच शहादा आणि वर 50-55 किमी तोरणमाळ, त्यात घाटात एकाला उलट्या. सायकलला रेसचा नंबर लावायला दहा मिनिटं उरली होती. पहिल्याच चढाला पाय संपले.
तर ज्यांनी अशा रेससाठी मुक्काम केलाय, लॉज, तंबू, शाळा, काहीही, त्यांनी लिहा. काय चुकलं ते आधी लिहा, फोटो सगळ्यांकडे असतात.

पुण्यातला अमळनेरकर
मी तंबूवाला. तोरणमाळलाच यशवंत तलावाच्या काठाला लावला होता, सकाळी उठल्यावर समोर पाणी पाहिजे ना साहेबांना! चहावाले काका सांगत होते, "भाऊ, आठे नका झोपू, रातले भलती थंडी वाजस." ऐकलं नाही. थंड हवा जड असते, रात्री उतारावरून घरंगळत खोलगट जागेत साचते, आणि तलावाकाठी दव वेगळंच. त्यात थंडी वाजते म्हणून मी तंबूच्या सगळ्या चेनी गच्च लावल्या, मग श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमून पहाटे चेहऱ्यावर टपटप. स्लीपिंग बॅग ओली, मोजे ओले. पन्नास पावलं वर चढावर लावला असता आणि वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली असती तरी निभावलं असतं. अंगाखाली मॅट मात्र चांगली हवीच, कारण अर्धी थंडी जमिनीतून येते. आणि रेसचे कपडे रात्री बॅगेत घेऊन झोपा, पहाटे गार जर्सी अंगात घालायचा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये.

जळगावची एक जण
रेससाठी सातपुड्यातल्या पालला गेलो होतो तेव्हा सगळ्यांची सोय एका शाळेच्या हॉलमध्ये. सतरंज्या दिल्या, पंखा होता, फुकट होतं. पण चाळीस माणसांत आम्ही दोघीच बाया, बाथरूम एक, त्याला आतून कडी नाही. दिवा रात्रभर चालू, घोरणं तर विचारूच नका. मी दोन तास झोपले असेन. "बायकांची वेगळी सोय आहे का" हे एंट्री भरतानाच फोन करून विचारायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर "हो ताई होईल सगळं" आलं की समजायचं काहीच ठरलेलं नाहीये.
पुढच्या वेळी आम्ही दोघींनी सावद्याला खोली घेतली. मॅनेजर सायकल वर नेऊ देईना, म्हणे गादीला ग्रीस लागेल. अर्धा तास हुज्जत. मग चाकं काढली, जुनी चादर अंथरून दाखवली, तेव्हा कुठे तयार झाला. जुनी चादर तेव्हापासून किटमध्येच असते.

भुसावळचे काका
मी सायकल चालवत नाही, माझा मुलगा चालवतो, मी पिकअप चालवतो. पूर्वी एसटीच्या टपावर सायकल जायची, आता नव्या गाड्यांना टपावर कॅरिअरच नाही. रेल्वेत नोकरी झाली माझी, तरी सांगतो, दोन मिनिटांच्या थांब्याच्या स्टेशनावर चार सायकली उतरवायच्या भानगडीत पडू नका. पिकअपमध्ये दोन सायकलींच्या मध्ये गोधडी घाला, आणि गियरची बाजू कशावरही दाबली जाऊ देऊ नका, मागचा हँगर, म्हणजे गियर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो आणि मग गियर आपोआप उड्या मारतात. तो छोटा तुकडा एक जास्तीचा जवळ ठेवा, रावेर-यावलला कुठे शोधणार.
आता मुक्कामाचं. आदल्या रात्री पोरांनी ढाब्यावर शेवभाजी मागवली, वर तेलाचा लाल तवंग, मी म्हटलं उद्यासाठी ठेवा रे. कोण ऐकतो! आमचे चिरंजीव तिसऱ्या किलोमीटरला झाडामागे. तेव्हापासून मी कुकर आणि शेगडी नेतो, मुगाची खिचडी, वर तूप, संपलं. शेवभाजी आणि भरीत रेस झाल्यावर, पाहिजे तेवढं. मी स्वतः गाडीत सायकलींशेजारी झोपतो, मला तिथंच बरी झोप लागते.

चाळीसगाव
पाटणादेवीला तंबू ठोकू म्हणणाऱ्यांनो, ते गौताळा अभयारण्य आहे, 1986 पासून. परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही, बिबट्या आहे. चाळीसगावात झोपा, 18 किमी तर आहे. बाकी बाभळीच्या काट्यांचं सांगायला नको.

धडगाव तालुका
आमच्याकडे तोरणमाळला रेसवाले येतात म्हणून लिहितो. पाड्यावर राहायला मिळतं, कुडाच्या घरात तंबूपेक्षा थंडी कमी वाजते. भाकरी, डाळ, चटणी मिळेल. पण रोख आणा, रेंज नसली की तुमचा स्कॅनर चालत नाही आणि मग "शहाद्याला गेल्यावर पाठवतो" म्हणून लोक जातात ते जातातच. पाणी हापशावरून डोक्यावर आणलेलं असतं, त्याने सायकल धुऊ नका, एकाने धुतली होती, माझ्या आईने दोन खेपा केल्या. आणि शेकोटी. पावसाळ्याच्या आधी जमवलेलं लाकूड तुम्ही गाणी म्हणत एका रात्रीत संपवता. महाशिवरात्रीला तर येऊच नका रेसबिस घेऊन, गोरखनाथाची यात्रा असते, तेव्हा आम्हालाच जागा नसते.

धुळेकर
भाऊ, वाचून वाईट वाटलं, खरंच. यंदा आधी कॅलेंडरात दत्तजयंती बघितली, तो आठवडा सोडून रेस आहे. चार माणसं, चार सायकली, शुक्रवार-शनिवार दोन रात्री. लाकूड आम्ही शहाद्याच्या वखारीतून आणतो, पैसे आधी देतो. खाटा किती आहेत?

धडगाव तालुका
खाटा दोन. सायकली भिंतीला लागतील. कुत्रं रात्री भुंकतं, त्याला बिस्किटं आणा.