फोर्ट कॅनिंगचं कौतुक करताना गेंडामाळ आठवत नाही का?

शाहूनगरी: काल ग्रुपवर एकाने सिंगापूरच्या फोर्ट कॅनिंग पार्कचे फोटो टाकले, खाली लिहिलं "इतिहास जपावा तर यांनी, आपल्याला अक्कल नाही". डोकंच फिरलं. अहो ती टेकडी १४व्या शतकापासून मलय राजांची, सामान्य माणसाला वर जायला बंदी. १८१९ ला ईस्ट इंडिया कंपनीने खाली वखार थाटली, मग कंपनीचा अधिकारी रॅफल्स याने वर स्वतःचा बंगला बांधला, शेजारी जायफळ-लवंगेची बाग, नंतर गोऱ्यांची दफनभूमी, आणि किल्ला झाल्यावर नाव दिलं लॉर्ड कॅनिंगचं. हाच कॅनिंग १८५७ ला गव्हर्नर जनरल होता, तेव्हा आपल्या साताऱ्याच्या गेंडामाळावर माणसं फासावर चढवली, तोफेच्या तोंडी दिली. सातारकर असून त्या पाटीखाली फोटो काढवतो कसा?

वाईकर: दादा नाव मलाही खुपतं, पण बाग ठेवली म्हणून टेकडी वाचली, नाहीतर त्या शहरात टॉवरच उठला असता. १९८४ पासून तिथे उत्खनन झालंय, चिनी भांड्यांची खापरं, काचेचे मणी निघाले, खणलेला खड्डा छप्पर घालून लोकांना दाखवतात. १९४२ ला जपान्यांना शरण जायचं ब्रिटिशांनी जिथे ठरवलं ती भुयारातली खोलीपण दाखवतात. आणि आपण? साताऱ्यात चार भिंतीच्या हुतात्मा स्मारकावर जाऊन बघा, खिळ्याने कोरलेले बदाम आणि कुरकुऱ्यांची पाकिटं.

शाहूनगरी: कचरा आपण करतो म्हणून कॅनिंग थोर होत नाही.

कोयनाकाठ: सिंगापूर कशाला, महाबळेश्वरची माल्कम पेठ बघा की, तीही गोऱ्याच्याच नावाची. १८२९ ला इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरचा डोंगर घेतला, बदल्यात खंडाळा गाव दिलं, आणि दहा वर्षांत महाराजांनाच गादीवरून काढून काशीला धाडलं. तिकडच्या वसाहतींतले चिनी कैदी इथल्या तुरुंगात आणले, बटाटा-भाजीपाला त्यांनीच पिकवला, आणि आपल्या देशातले कैदी सिंगापूरला नेऊन रस्ते आणि चर्च बांधून घेतलं. त्यांची एक तरी पाटी आहे का कुठे?

भिलारकर: झालं, आता स्ट्रॉबेरीपण चिन्यांनी दिली म्हणा!! आमचे आजोबा पहाटे डोक्यावर पाट्या घेऊन पाचगणीच्या बाजारात चालत जायचे, थंडीत बोटं वाकायची नाहीत. पीक टिकवलं ते आमच्या माणसांनी.

कोयनाकाठ: स्ट्रॉबेरीचं नाव मी काढलंच नाही, बटाटा म्हणालो. नीट वाचा तरी.

भिलारकर: वाचलंय. पण दरवेळी श्रेय इंग्रजांना नाहीतर कैद्यांना, शेतकरी कुणाला दिसत नाही. सिझनला पर्यटक आमच्या बांधावर गाड्या लावतात, वाफे तुडवून फोटो काढतात, त्यावर धागा काढा की कुणीतरी.

वाईकर: बांधाचं खरंय, ताबडतोब बंद व्हायला पाहिजे. पण कैद्यांनी भाजी पिकवली म्हटल्याने तुमच्या आजोबांचं काय कमी झालं?

भिलारकर: तुम्हाला नाही कळायचं ते.

शाहूनगरी: अरे धागा कॅनिंगचा आहे! वाईकर, खड्ड्यावर छप्पर घातलं ते चांगलं केलं, तेवढं मानतो. नाव मानत नाही. राजांच्या टेकडीला त्यांच्याच भाषेत जुनं नाव आहे, ते लावायला काय जातं?

वाईकर: मग माल्कम पेठेपासून सुरुवात करू. अर्ज मी लिहितो, सही तुम्ही करा.

शाहूनगरी: लिहा. पण त्यात गेंडामाळाचं नाव पहिलं.