एपस्टीन : कट की कामचुकारपणा?

टेकडीवाला

रविवारी हनुमान टेकडी उतरताना आमच्यात पुन्हा तोच विषय निघाला. सात जणांपैकी पाच जणांचं ठाम मत की एपस्टीनला मारलं. सहावे म्हणाले, तो मेलेलाच नाही, कुठल्यातरी बेटावर मजेत आहे. सातवा मी. पोहे संपेपर्यंत मला कोणी बोलू दिलं नाही, म्हणून इथे काथ्याकूट.

ज्यांनी विषय सोडून दिला होता त्यांच्यासाठी: जेफ्री एपस्टीन, अमेरिकेतला धनाढ्य, राजपुत्रांपासून राष्ट्राध्यक्षांपर्यंत ऊठबस. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक तस्करीच्या आरोपाखाली ६ जुलै २०१९ ला अटक झाली आणि १० ऑगस्टला सकाळी साडेसहाच्या सुमारास तो मॅनहॅटनच्या तुरुंगात कोठडीत निपचित सापडला. वय ६६. न्यूयॉर्कच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांनी गळफासाने आत्महत्या असा निष्कर्ष दिला.

आता आमच्या सोसायटीची गोष्ट. मी सेक्रेटरी असताना एका पहाटे पार्किंगमधून अॅक्टिव्हा गेली. पेपरवाल्याने आरडाओरडा केला तेव्हा पावणेपाच वाजले होते. कॅमेरे आठ, स्क्रीनवर आठही चित्रं झकास, पण डीव्हीआरची हार्ड डिस्क गणपतीपासून बंद पडलेली. म्हणजे दिसत होतं सगळं, साठत काहीच नव्हतं. मग राउंडचं रजिस्टर उघडलं. दोन, तीन, चार, सगळ्या सह्या एकाच तिरक्या हाताच्या, एका दमात केलेल्या. त्याखाली पाच आणि सहाचीही सही हजर!

त्या तुरुंगात हेच झालं. दर अर्ध्या तासाने फेरी आणि ठरावीक वेळी मोजणी करायची होती. दोन्ही पहारेकरी कोठडीपासून जेमतेम १५ फुटांवर बसून होते. नेटवर फर्निचर आणि मोटारसायकली बघितल्या, मध्ये दोनेक तास डुलक्याही काढल्या असाव्यात, आणि मोजणीच्या स्लिपांवर खोट्या सह्या केल्या. २९ जुलैपासून निम्म्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बंद होतं. ते ८ ऑगस्टला लक्षात आलं आणि दुरुस्ती होईपर्यंत माणूस गेला. हे सगळं न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे. कट करायला शिस्त लागते हो. इथे कुठे दिसते?

नळस्टॉप

शिस्तीने केलेला कट असाच दिसतो, साहेब. एकेक योगायोग मान्य करू. पण रांग बघा. २३ जुलैला तो गळ्यावर खुणा असलेल्या अवस्थेत सापडतो. आत्महत्येचा धोका म्हणून लावलेली खास देखरेख दीड दिवसाच्या आत उठते. कोठडीत सोबती हवाच, असं तिथल्याच मानसशास्त्र विभागाने कळवलेलं असताना ९ ऑगस्टला सोबत्याची रवानगी होते आणि बदली कोणी येत नाही. त्याच रात्री पहारेकरी झोपतात. बंद कॅमेरे आधीपासून आहेतच.

त्यावर २०२५ मध्ये जवळपास अकरा तासांचा व्हिडिओ 'घ्या, बघा' म्हणून देतात आणि त्यात मध्यरात्रीच्या आधीचा एक मिनिट गायब! म्हणे यंत्रणा रोज रात्री रीसेट होते.

आनंदी_गोगलगाय

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टेकडीवाला

@नळस्टॉप, तो मिनिट पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये संसदीय समितीने दिलेल्या चित्रफितीत आला. म्हणजे रीसेटचं कारण पोकळच होतं, ते मान्य. पण त्या मिनिटात निघालं काय? काहीच नाही.

नळस्टॉप

मिनिट होता, तर नाही म्हणाले कशाला? आणि त्या कॅमेऱ्यात एपस्टीनच्या कोठडीचं दारच दिसत नाही, हे सांगायला विसरलात.

डॉ. कातरवेळ

हाडाबद्दल अजून कोणी काढलं नाही याचं नवल वाटलं, म्हणून मीच काढतो. एपस्टीनच्या भावाने नेमलेले पॅथॉलॉजिस्ट मायकेल बेडन यांनी शवविच्छेदन पाहिलं आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगितलं की हायॉइड हाड आणि थायरॉइड कूर्चा (स्वरयंत्राची) मिळून तीन ठिकाणी मोड आहे, हे गळा दाबल्याकडे बोट दाखवतं. तेव्हापासून 'हायॉइड' शब्द घरोघरी पोचला.

हायॉइड म्हणजे हनुवटीखाली, जिभेच्या मुळाशी असलेलं घोड्याच्या नालेसारखं इवलंसं हाड. तरुणपणी त्याचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात, लवतात. वय वाढलं की ते सांधे हाड होऊन जातात आणि मग ते मोडतं. गळा दाबण्यात ते जास्त वेळा मोडतं हे खरं. गळफासात मोडतच नाही हे खोटं, आणि साठीपुढे तर साफ खोटं. इंटर्न असताना डेड हाऊसमध्ये आमचे सर आधी मानेवरचा वळ बघायला लावायचे: तिरका आहे का आडवा, वर कानामागे जातो का मानेभोवती पूर्ण फिरतो. हाडाकडे शेवटी यायचे. एका हाडावर निकाल देणाऱ्याला ते पुढच्या प्रेतापाशी एकट्याला उभं करायचे.

बेडन यांचं मत फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण त्यांना कुटुंबाने नेमलं होतं आणि मुख्य परीक्षक आपल्या निष्कर्षावर ठाम राहिल्या, हे दोन्ही एका दमात सांगावं.

मुळामुठा

डॉक्टरांशी सहमत, पण धागाकर्त्यांशी नाही. तुरुंगात खून म्हणजे सिनेमा, असा सूर लागतोय. आपल्याच येरवड्यात जून २०१२ मध्ये अंडा सेलमध्ये कतील सिद्दीकी या दहशतवादाच्या आरोपातल्या कच्च्या कैद्याचा गळा आवळून खून झाला. अंडा सेल! तिथे डासाला पण पास लागतो म्हणतात.

आणि पॅरिसच्या तुरुंगात फेब्रुवारी २०२२ मध्ये एपस्टीनचा साथीदार ज्याँ-ल्यूक ब्रुनेल गळफास घेतलेल्या अवस्थेत सापडला, हे कोणी का बोलत नाही?

टेकडीवाला

येरवड्याचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. तिथे खून झाला आणि लगेच खून म्हणून नोंदला गेला, दोन सहकैद्यांवर गुन्हा दाखल झाला. झाकता आला नाही. ब्रुनेलचं म्हणाल, तर तोंडं बंद करायची मोहीम होती आणि जिला सगळ्यात जास्त ठाऊक ती गिलेन मॅक्सवेल २० वर्षांची शिक्षा होऊन जिवंत कशी?

नळस्टॉप

कारण ती बोलत नाही.

टेकडीवाला

झालं! मेला तर बोलणार होता म्हणून, जिवंत आहे तर बोलत नाही म्हणून. यात तुम्ही हरणार कधी? मला राग याचा येतो की या हाड-मिनिटाच्या खेळात त्या मुली बाजूलाच पडतात. २००८ मध्ये फ्लोरिडात याच माणसाला सौद्यात १८ महिने मिळाले, भोगले जेमतेम १३, तेही दिवसा ऑफिसला जायची मुभा देऊन. तो सौदा सह्याशिक्क्यांनिशी झाला. त्यावर टेकडीवर चकार शब्द नाही.

फटकळ_काकू

शेवटचा मुद्दा आवडला. पहिला नाही. तिथे त्या दोन पहारेकऱ्यांवर खटला भरला आणि पुढे तोही मागे घेतला. त्यातली एक व्यक्ती सक्तीच्या ओव्हरटाइमवर होती. वॉर्डनला नुसतं दुसरीकडे बसवलं. 'कामचुकारपणा' म्हटलं की तो नेहमी सगळ्यात कमी पगाराच्या माणसाचाच निघतो का हो? तुमच्या त्या वॉचमनचं काय केलंत?

टेकडीवाला

काढला. दुसऱ्या दिवशी.

फटकळ_काकू

तो चोराला सामील होता का?

टेकडीवाला

तसं कोणी म्हणालं नाही.

नळस्टॉप

कोणी विचारलं तरी का?

टेकडीवाला

नाही. एजन्सीला फोन केला, दुसरा माणूस आला.

फटकळ_काकू

आणि डीव्हीआर गणपतीपासून बंद, तर त्याचं मेन्टेनन्स कोण बघत होतं?

टेकडीवाला

एएमसी मीच थांबवली होती. साडेचार हजार वाचत होते. मीटिंगमध्ये हा विषय निघाला नाही.