बाजारात येणाऱ्या जनावराला लसीचा दाखला सक्तीचा करावा का?

देवणीकर (धागा सुरू करणारा):
२०२२ मध्ये लंपी हा गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग पसरला आणि राज्यभर गुरांचे बाजार बंद करावे लागले. त्याच्या थोडं आधी मी बाजारातून एक खोंड आणलं होतं. दिसायला तुकतुकीत. नवव्या दिवशी त्याच्या अंगावर गाठी आल्या. महिन्याभरात दावणीची देवणी गाय गेली, तिचं वासरू गेलं. खोंड जगलं.

म्हणून म्हणतो, कानात १२ आकडी ओळखीचा बिल्ला नाही आणि लस टोचून २१ दिवस झाल्याची नोंद नाही, ते जनावर बाजारात उतरवूच देऊ नये. हाळी हंडरगुळीचा बाजार असो की माळेगावची यात्रा, नियम एकच. दारात नुसतं बघून भागत नाही. विषाणू अंगात शिरल्यावर गाठी दिसायला कधीकधी २८ दिवसही लागतात.

कोरडवाहू:
तुमचं नुकसान मोठं आहे, पण हा नियम कुणाच्या मुळावर येईल ते बघा. आमच्याकडं माणूस हौसेनं बैल विकत नाही. दवाखाना असतो, पोरीचं लग्न असतं, नाहीतर बियाण्याला पैसे नसतात. त्याला दारातून परत पाठवलं की बाहेर हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, उभाच असतो. ४० हजारांचा बैल तो २५ ला मागतो, आणि द्यावा लागतो. २०२२ ला बाजार बंद होते, सौदे बंद नव्हते. आमच्या गावात रात्री टेम्पो येत होते. बाजारात निदान पावती होते. रस्त्यावरच्या सौद्यात जनावर कुठं गेलं याचा मागच राहत नाही.

शिवाय लंपी पसरतो माश्या, डास, गोचिडांमुळं. दाराशी उकिरडा आणि गोठ्यात गोचिडं असतील तर दाखल्यानं काय थांबणार?

गोठ्यावरची:
आमच्या गल्लीत लाळ्या-खुरकुताची टोचणी आली की लोक म्हशी मळ्यात नेऊन बांधायचे. दूध आटतं म्हणून. मीही एकदा नेली होती, ते चुकलंच. दूध दोन-तीन दिवस कमी येतं, मग पहिल्यासारखं होतं. लाळ्या झाला तर तोंडात फोड, खुरात जखमा, आणि त्या वेताचं दूध गेलं म्हणून समजा. २०१९ पासून ही लस केंद्राच्या कार्यक्रमात फुकट मिळते. फुकट असून लोक टोचत नसतील तर सक्ती हवीच. देवणीकर दादांशी मी सहमत.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक:
ताई, सक्तीनं नोंदी वाढतील, पण टोचणी वाढेलच असं नाही. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या रोगांची टोचणी पावसाळ्याआधी उरकायची, म्हणजे ऐन मे महिन्यात. बाहेर ४२ अंश, वीज गेलेली, थर्मासातला बर्फ विरघळलेला. अशी लस टोचून काय उपयोग? पण नोंद होते, आणि मालक निर्धास्त होतो. उद्या दाखल्यासाठी रांग लागली तर न टोचताच नोंद करा म्हणणारेही येतील. मी नोकरीत असताना असा आग्रह सोसलेला आहे. आधी प्रत्येक दवाखान्याला चालू फ्रीज आणि पुरेशी माणसं द्या, मग दाखला मागा.

देवणीकर:
हेड्याचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण माशी फार तर दोन-चार शिवारं ओलांडेल. टेम्पो एका रात्रीत उदगीरहून नांदेडच्या पुढं जातो, तेव्हा बाजार मोकळा सोडणं मला पटत नाही. मागणी थोडी बदलतो. दाखला नसेल तर परत पाठवू नका. वेगळ्या बाजूला बांधा, विकू द्या, पण पावतीवर घेणाऱ्याचं नाव-गाव आणि तिथल्या दवाखान्याला त्याच दिवशी फोन. नवं जनावर २८ दिवस वेगळं बांधायचं, त्याच्यावरच्या माश्या-गोचिडांचाही बंदोबस्त करायचा. माझ्याकडं जागा होती, मागच्या पडवीत. तरी मी ते खोंड गायीशेजारी बांधलं.

कोरडवाहू:
पावतीवर नाव-गाव, हे मान्य. पण ज्याच्याकडं एकच पत्र्याचं शेड आहे, त्यानं महिनाभर वेगळं कुठं बांधायचं तेवढं सांगा. आमच्या गावात निम्म्याहून जास्त घरं तशीच आहेत.