वाईतला घरचा पर्जन्यमापक आणि हवामान खात्याचे आकडे

कृष्णाकाठ_वाई:
नमस्कार मंडळी. यंदा जूनपासून गच्चीवर प्लास्टिकचा पर्जन्यमापक ठेवलाय. रोज रात्री झोपण्याआधी मोजून वहीत लिहितो, पण आकडे काही केल्या जुळत नाहीत. परवा सातारा जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट होता, माझ्या नळीत जेमतेम ९ मिमी. दुसऱ्या दिवशी पेपरात महाबळेश्वरचा पाऊस मात्र तीन आकडी! अंदाज चुकला म्हणायचा की यंत्र?

पाऊसवही_माण:
दादा, दोन्ही नाही. साताऱ्याचा अलर्ट पुष्कळदा घाटमाथ्यापुरता असतो. बुलेटिनमध्ये तसं लिहिलेलं असतं, बातमीत येईस्तोवर 'सातारा जिल्हा' एवढंच उरतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पाऊस. पसरणी घाट उतरून वाईत आलात की हजाराच्या आत. शिवाय 'तुरळक ठिकाणी मुसळधार' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. बाकीच्यांनी कोरडं राहिलं तरी अंदाज बरोबरच.

आता वेळ. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या सकाळी ८:३०. त्यामुळे ११ तारखेला दुपारी पडलेला पाऊस १२ च्या नोंदीत दिसतो. तुम्ही रात्री मोजलंत तर जुळणार कसं? सकाळी साडेआठलाच मोजा.

गच्चीवर वारा थेंब नळीवरून पळवून नेतो. अंगणात ठेवा, तोंड जमिनीपासून ३० सेंमीवर, भिंत किंवा झाड जेवढं उंच त्याच्या निदान दुप्पट लांब.

आणि कळकळीने सांगतो, कोरड्या दिवशी ० लिहा. रिकामा रकाना म्हणजे 'मोजलं नाही'. गावाला जाऊन आलात तर साठलेलं पाणी एका दिवसाच्या नावावर टाकू नका, 'इतक्या दिवसांचं मिळून' असं लिहा. आमच्याकडे वळवाचा पाऊस ओढ्याच्या अलीकडे पाणी-पाणी करतो आणि पलीकडच्या रानात धूळ उडत असते. सरकारी केंद्र लांब. मधल्या शिवारात काय पडलं ते आपण नाही लिहिलं तर कुठेच राहणार नाही.

धारानृत्य_ठाणे:
+१. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३. शहर एकच! नळीची खूण तपासायची असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ काढा. २०० चौ. सेंमी असेल तर २० मिली पाणी म्हणजे १ मिमी.

कृष्णाकाठ_वाई:
खूप आभार. उद्यापासून अंगणात, साडेआठला. तापमापीपण घेतोय, बाल्कनीत चालेल?

पाऊसवही_माण:
नको. तापलेली भिंत दुपारी आकडा फुगवते. पांढरी, झडपांची लाकडी पेटी करून घ्या, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, दार उत्तरेला. सुतार लागेल, पण एकदाच.